खातं वाढवायचं आहे

मी सध्या चेन्नईच्या आयटी रस्त्यावर एका काचेच्या इमारतीत बसते. आमच्या बँकेचं कर्जमंजुरी केंद्र तिथे आहे. आसपासच्या सगळ्या शाखांच्या फायली माझ्या पडद्यावर येतात, माणूस मात्र एकही येत नाही. एसी इतका असतो की भर मे महिन्यात शाल घ्यावी लागते. चहा यंत्रातून येतो आणि यंत्रासारखाच लागतो. या बढतीचे आईने कराडला पेढे वाटले होते, म्हणून मी फार बोलत नाही. पण जेवणाची सुट्टी झाली, डबा उघडला, की मला तांबरमची आमची जुनी शाखा आठवते आणि शाखा आठवली की अक्का आठवतात.

शाखा स्टेशनच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होती. खाली औषधांचं दुकान आणि जिन्याच्या तोंडाशी फुलवाली. पायऱ्या इतक्या उभ्या की पेन्शनवाले निम्म्यावर बसून आधी पाणी मागायचे. हवाई दलाच्या तळावरून विमान उठलं की तावदानं थरथरायची आणि आमचा कॅशियर नोटा पहिल्यापासून मोजायला घ्यायचा. मॅनेजर तमिळ, निवृत्तीला टेकलेले. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात कायम दोन पेनं. त्यांना सगळे ‘सार’ म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. मी तिथे कर्जविभागात नवी होते. तमिळ येत नव्हतं, राग मात्र पटकन यायचा. मराठी ऐकायला मिळावी म्हणून मी फोनवर आईशी भांडणं उकरून काढत असे.

अशा दिवसांत एका सकाळी माझ्या काउंटरसमोर साठी ओलांडलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी नाही, तमिळ पद्धतीची सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या, अंगाला फोडणीचा वास. माझ्या टेबलावरची नावाची पाटी त्यांनी वाचली आणि चेहरा उजळला.

“तुम्ही मराठीच की ओ?” त्या म्हणाल्या.

मला भरूनच आलं. शब्द मराठी होते, पण चाल सगळी तमिळ. वाक्य शेवटी असं वर जायचं की साधं विधानही प्रश्नासारखं वाटायचं. त्या तंजावरकडच्या. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठी आपल्या पणजीच्याही आधीची. स्टेशनजवळ दोन खोल्यांत त्या मेस चालवायच्या. सिरुसेरीच्या कंपन्यांत काम करणारी आपल्याकडची पोरं, पुण्या-नागपूरची, तिथे जेवायची आणि त्यांना ‘अक्का’ म्हणायची.

“काय काम काढलंत, अक्का?”

“माझं सोन्याचं खातं वाढवाचं आहे.”

मी खूश. मार्च महिना होता, सोनेतारण कर्जाचं उद्दिष्ट माझ्या मानेवर बसलेलं. आणि इथे बाई आपल्या पायांनी चालत येऊन कर्ज वाढवून मागतात! देव पावला म्हणत मी फॉर्म ओढला.

“किती वाढवायचं?”

“असकं.”

“असं का म्हणजे? मी विचारतेय, किती वाढवायचं?”

“असकं, असकं!”

“अहो, असं का, असं का काय करताय? रक्कम सांगा ना.”

अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की या पोरीला बँकेत कोणी घेतलं. मग त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेल्या नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या. आता मी चक्रावले. कर्ज वाढवून घेणारं माणूस पैसे कशाला देईल? मी म्हणाले, “अक्का, पैसे आम्ही तुम्हाला द्यायचे.” त्या म्हणाल्या, “नक्को! मला नक्कोत तुमचे पैसे! वाढवा मणून सांगतेय की!” मागे रांग वाढत होती, आणि ती मात्र सगळ्यांना कळत होती.

शेवटी आवाज ऐकून सार केबिनमधून बाहेर आले. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, “एन्नम्मा, अकाउंट क्लोज करायचंय का?”

अक्कांनी दोन्ही कान झाकले. “अय्यो, असं बोलू नका!” मग हळूच मान हलवली. आमा. हो.

सारांनी माझ्याकडे वळून शांतपणे सांगितलं की यांना सगळे पैसे भरून खातं बंद करायचंय आणि गहाण ठेवलेल्या पाटल्या सोडवून न्यायच्यात. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “मॅडम, तुम्ही दोघी मराठीच बोलत होतात ना?”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमच्या कराडला काका दुकान बंद करत नसत, वाढवत असत. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं असं कोणी तोंडातून काढत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, पण बँकेच्या परीक्षा देता देता वाढवणं म्हणजे फक्त मर्यादा वाढवणं असं डोक्यात बसलं होतं. अक्कांच्या घरात तो जुना अर्थ अजून रोज वापरात होता. दागिन्यांच्या खात्याला ‘बंद’ म्हणणं त्यांच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं. आणि ‘असकं’ म्हणजे सगळं. दोन मराठी बायकांमध्ये एक तमिळ दुभाषा बसवावा लागला, ही गोष्ट शाखेत पुढे वर्षभर चघळली गेली. कॅशियर तर मला पाहिलं की “असकं?” म्हणून विचारायचा.

पाटल्यांचं पाकीट तिजोरीतून आलं. सील फोडलं. अक्कांनी तिथेच, काउंटरवरच, पाटल्या हातात चढवल्या. साबणाशिवाय जाईनात म्हणून शिपायाने साबण आणि पाणी आणलं. त्या चढल्या तेव्हा अक्का हात जरा लांब धरून पाहत राहिल्या. पोंगल झाला की पाटल्या सोडवायच्या, चैत्र सरला की वर्षाची चिंच, मिरची, तांदूळ भरायला पुन्हा गहाण टाकायच्या, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. यंदा सोडवायला उशीर झाला होता, आणि नातीचं लग्न तोंडावर होतं.

लग्नाला मी गेले. केळीच्या पानावर वांग्याची चिंचेतली रसवांगी वाढली, डांगर वाढलं. डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, दह्यातलं. आमच्या कराडला डांगर म्हणजे भोपळा, मला वाटलं तोच येणार, तोही वाद झालाच. नवरी नात अंगाने बारीक, डोळ्यांनी धीट. निरोपाच्या वेळी तिने आजीची दोन्ही मनगटं धरली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. अक्कांनी मला नंतर सांगितलं, “ती मणाली, आज्जी, हे आता काढू नको. मला तू अशीच आठवायला पाहिजेस.”

पंधरा-वीस दिवसांनी अक्का पुन्हा काउंटरसमोर. पाटल्या हातात.

“पुन्हा ठेवायच्या?” मी विचारलं.

“ठेवाच्या तर आहेत. पण काढवत नाहीत गं.” आणि इतक्या खमक्या बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी म्हणाले, कशाला काढता? धंद्याचं कर्ज घ्या. तुमची मेस जोरात चालते, आमच्याकडचं खातं स्वच्छ, हप्ता कधी चुकला नाही. सोनं न ठेवता देऊ. माझ्या तोंडून हे इतकं सहज निघालं, जणू बँक माझ्या वडिलांची होती.

सारांना सांगितलं तर ते हसले. पूर्वी मी खेड्यातल्या शाखेत होतो, म्हणाले, तेव्हा मॅनेजर माणसाच्या घरी जायचा, चुलीवर काय शिजतंय पाहायचा आणि कर्ज द्यायचा. काही बुडवायचे, बहुतेक फेडायचे. आता मी फक्त पाहू शकतो, देणारा संगणक आहे. तरी ते माझ्याबरोबर मेसमध्ये आले. पानावर बसले, तीनदा रसम मागून घेतलं, आणि पाहणी अहवालात लिहिलं की धंदा उत्तम. मी फाईल कर्जमंजुरी केंद्राकडे पाठवली.

फाईल परत आली. नाव जुळत नाही. तमिळनाडूत आडनाव लावायची रीत नाही, नावाआधी एक आद्याक्षर असतं, बस्स. अक्कांच्या एका कार्डावर वडिलांचं आद्याक्षर, दुसऱ्यावर नवऱ्याचं. घराण्याचं आडनाव होतं की, अगदी आपल्या साताऱ्याकडचं, पण ते फक्त लग्न जुळवताना बाहेर काढायचं, एरवी कपाटात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला की आमचा संगणक पुढे सरकत नसे. ते निस्तरायला प्रतिज्ञापत्र केलं, कार्ड दुरुस्त केलं. अक्का प्रत्येक कार्यालयात माझ्याबरोबर आल्या आणि प्रत्येक ठिकाणच्या पंख्याला नावं ठेवली.

फाईल पुन्हा परत आली. जागा भाड्याची, करारपत्र नाही. घरमालक म्हणाला, इतकी वर्षं तोंडी चाललंय, आता कागद कशाला? त्याला जेवायला बोलावून अक्कांनी कागद करून घेतला.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र मी डोकं धरलं. उत्पन्न शून्य. शून्य कसं? दोन वेळा पंगत उठते! शोध घेतला तेव्हा उमगलं. पोरं पैसे फोनवरून द्यायची, मेसच्या भिंतीवर अन्नपूर्णेच्या तसबिरीखाली तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला. तो नातीने लावून दिला होता, आणि अर्थात स्वतःच्या खात्याचा. दर महिन्याला नात पैसे काढून आजीला द्यायची, पैशाला पै चोख. घरच्यांच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नव्हतं. बँकेच्या दृष्टीने मात्र मेस नातीची होती आणि अक्का घरी बसलेल्या एक वृद्ध बाई. बँकेला अक्कांच्या हातातलं सोनं दिसत होतं, हाताची चव दिसत नव्हती.

त्या दिवशी मी सारांसमोर तोंडाला येईल ते बोलले. तिथेच जेवणाऱ्या पोरांना मोटरसायकलसाठी कर्ज जेवता जेवता फोनवर मिळतं. एकाने तर भात कालवताना अर्ज केला आणि ताकाला पोचेपर्यंत मंजुरी आली. आणि त्यांना जेवू घालणाऱ्या बाईला काहीच नाही? सार म्हणाले, “मॅडम, पगाराचा कागद असतो. रसमचा नसतो.” मग त्यांनीच उपाय सांगितला. ठिपक्यांचा कागद अक्कांच्या खात्याचा लावा आणि सहा महिने थांबा. खातं बोलू लागेल.

कागद त्याच दिवशी बदलला. सहा महिने थांबायचं, पण चिंच-तांदूळ तर आत्ता भरायचे. गल्लीत फायनान्सवाला मोटरसायकलवरून रोज फिरायचा. कागद नको, जामीन नको, अर्ध्या तासात पैसे. तमिळमध्ये व्याजाला वट्टी म्हणतात, म्हणून अक्का त्याला ‘वट्टीवाला’ म्हणायच्या. तो मेसच्या दारात येऊन अगदी गोड बोलायचा. शेजारच्या इडलीवालीने त्याच्याकडून घेतले होते आणि तिचा गाडा पुढे त्याच्याच अंगणात उभा दिसला. मला धास्ती वाटायची की एक दिवस अक्का त्याला हो म्हणतील, नाहीतर पाटल्या उतरवून माझ्यासमोर ठेवतील. दोन्हीपैकी एक होणार, असं मी धरून चालले होते.

अक्कांनी तिसरंच केलं. एका रविवारी पंगत बसायच्या आधी त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पोरांना सुनावलं, “उद्यापासून महिन्याचे पैसे आधी. जेवून मग देणार मणाल तर जेवण बी मग.” पोरं कुरकुरली. पापड बंद झाले, शनिवारचं डांगर गेलं, लोणच्याची फोड अर्धी झाली. विदर्भातला एक आडदांड मुलगा म्हणाला, अक्का, हा अन्याय आहे. अक्का म्हणाल्या, “मोटारसायकल विक आणि पापड खा.” एकही पोरगा गेला नाही. सगळ्यांनी आगाऊ दिले, निमूट.

मीही तेव्हापासून रोज तिथेच जेवू लागले, आगाऊ पैसे भरून. भरल्या पानावर बसून मी अक्कांकडून जुने शब्द शिकले, त्यांना माझे शिकवले. त्या ‘मर्यादा’, ‘मंजुरी’, ‘प्रलंबित’ असले शब्द चाखून पाहायच्या आणि म्हणायच्या, तुमची मराठी कोर्टातल्यासारखी आहे गं. ते दिवस अजून आठवतात. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला, पंखा कुरकुरणारा, आणि वाढताना दर खेपेला पाटल्यांचा किणकिणाट. तेव्हा मी वैतागलेली असायचे. आता कळतं की त्या मुलखात मी घरच्यासारखी झाले ती त्याच महिन्यांत.

सहा महिन्यांनी खातं खरंच बोलू लागलं. फाईल चौथ्यांदा गेली. आणि त्याच सुमाराला वरून पत्र आलं की आमची शाखा दूरच्या मोठ्या शाखेत विलीन होणार. उभा जिना, कमी ठेवी, ग्राहक बहुतेक म्हातारे. आम्ही कोणाला सांगितलं नाही, पण फुलवालीला आमच्याआधी कळलं होतं.

त्या गडबडीत एक दिवस अक्का आल्या. घाम पुसत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “ऐक. मला मेस वाढवायची आहे.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं. आता मी शहाणी झाले होते ना! इतके महिने तग धरला, आणि आता थकल्या. नात सासरी, शाखा चालली, किती दिवस वाट पाहणार? मी त्यांचा हात धरला.

“अक्का, असं नका करू. थोडं थांबा. फाईल गेलीय. एकदम वाढवू नका हो.”

“का? लोन आलं की वाढवणारच की.”

“लोन आल्यावर कशाला वाढवायची? मग तर चालेल ना!”

“चालते मणूनच वाढवतेय!”

आमचे आवाज चढले. कॅशियर मान वर करून पाहायला लागला. केबिनचं दार उघडलं, सार आले, आणि त्यांनी काही विचारायच्या आतच अक्का हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी पाटल्यांचा हात माझ्या गालावर ठेवला.

“अगं येडे, माझं वाढवणं नव्हे. तुझं वाढवणं!”

शेजारची खोली रिकामी झाली होती. मुलींच्या हॉस्टेलमधल्या पोरी जेवणाचं विचारत होत्या, तेव्हा मधली भिंत काढून पंगत मोठी करायची होती. ‘वाढवायची’ हा माझा शब्द त्यांनी माझ्यासाठी, माझ्या अर्थाने, मुद्दाम घोकून आणला होता.

मंजुरी आली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली तेव्हा सार माझ्या खुर्चीमागे उभे होते. “शेरी,” म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि एक पेन खिशातून काढून मला दिलं. त्या शाखेने सोन्याशिवाय दिलेलं ते शेवटचं कर्ज. आज माझ्यासमोर अशा आद्याक्षरांच्या, शून्य उत्पन्नाच्या फायली रोज येतात. त्यांना लाल शेरा मारायच्या आधी मी शाखेला फोन लावते आणि विचारते, ठिपक्यांचा कागद कोणाच्या नावाचा आहे? केंद्रात मला खवचटपणे ‘ठिपकेवाली’ म्हणतात. म्हणू देत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिजोरी रिकामी झाली, पाटी उतरवली. कोणीतरी मला फोनवर विचारलं आणि मी म्हणाले, हो, शाखा बंद झाली. मागून आवाज आला, “असं बोलू नये.”

अक्का होत्या. तो उभा जिना चढून, हातात डबा घेऊन आल्या होत्या. आत डांगर होतं, आणि वर पापड.

“मग काय म्हणू?” मी विचारलं.

“वाढवली मणावं.”

“तुमचं वाढवणं,” मी म्हणाले.

“हां. तुझं मला दिलंस, माझं तूच ठेवून घेतलंस.” त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, पाटल्या कानाशी वाजल्या. मग जिन्याकडे वळून, त्यांच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच म्हणतात तसं म्हणाल्या, “येते.”